वारुळाचा श्वास

झिम्बाब्वेची राजधानी हरारे समुद्रसपाटीपासून सुमारे दीड हजार मीटर उंचीवर वसली आहे. दिवसा तिथे ऊन चांगले तापते आणि रात्री गारवा उतरतो. दिवसाच्या आणि रात्रीच्या तापमानात दहा-बारा अंशांचा फरक तिथे नेहमीचाच. १९९० च्या दशकात या शहरात ऑफिसे आणि दुकाने यांचे एक मोठे संकुल बांधायचे ठरले. पैसा ‘ओल्ड म्युच्युअल’ या विमा कंपनीचा होता आणि कंपनीची अट जरा वेगळी होती: इमारतीत एअर कंडिशनिंग नको. ती यंत्रणा परदेशातून आणायची, तिचे सुटे भाग परदेशातून आणायचे आणि वीज गेली की घामाघूम होऊन बसायचे, हा व्यवहार कंपनीला परवडणारा वाटत नव्हता.

हे काम मिक पिअर्स या वास्तुरचनाकाराकडे आले. पिअर्स मूळचे हरारेचेच. त्या भागातल्या माळरानावर माणसाहून उंच वारुळे जागोजागी दिसतात. वाळवी वारुळात बुरशीची शेती करते आणि त्या शेतीसाठी आतले हवामान स्थिर लागते, हे त्या वेळी सर्वमान्य होते. पिअर्स आणि ‘अरुप’ या कंपनीचे अभियंते यांनी वारुळापासून सुचलेली कल्पना काँक्रीट आणि विटांमध्ये उतरवली. १९९६ मध्ये ‘ईस्टगेट सेंटर’ उघडले आणि निसर्गाकडून शिकलेल्या वास्तुरचनेचे उदाहरण म्हणून जगभर गाजले.

ही इमारत काम कशी करते, हे पाहण्याजोगे आहे. नऊ मजल्यांच्या दोन लांबट इमारती समोरासमोर उभ्या आहेत आणि मधल्या मोकळ्या जागेवर काचेचे छप्पर आहे. या मधल्या चौकातून पंखे हवा ओढतात आणि उभ्या पोकळ्यांतून वर पाठवतात. प्रत्येक मजल्याची जमीन पोकळ आहे आणि त्या पोकळीत काँक्रीटचे दात काढलेले आहेत, म्हणजे हवेचा काँक्रीटशी जास्तीत जास्त संबंध यावा. तिथून हवा खिडकीखालच्या जाळीतून खोलीत येते, माणसे, दिवे आणि संगणक यांच्यामुळे तापते, हलकी होऊन कमानदार छताकडे जाते आणि तिथल्या झडपांतून निघून गच्चीवरच्या धुराड्यांवाटे बाहेर पडते. अशी विटांची ४८ धुराडी इमारतीच्या माथ्यावर ओळीने उभी आहेत.

खरी मेख आहे ती रात्रपाळीत. रात्री बाहेरची हवा गार झाली की मोठे पंखे सुरू होतात आणि इमारतीतली हवा तासाला दहा वेळा बदलतात. दिवसभर उष्णता शोषून बसलेले काँक्रीट ती रात्रीच्या हवेला देऊन टाकते. सकाळी ऑफिस उघडते तेव्हा काँक्रीट गार असते. मग दिवसा लहान पंखे तासाला दोनदाच हवा बदलतात, आणि ही हवा गार काँक्रीटला चाटून आल्यामुळे सुखद लागते. बाहेरच्या भिंतीत खिडक्यांचा वाटा पाव भागाहून जास्त ठेवलेला नाही, त्यांच्यावर सज्जे आहेत, आणि दर्शनी भाग निवडुंगासारखा काटेरी केला आहे. या काट्यांमुळे रात्री उष्णता बाहेर टाकायला पृष्ठभाग जास्त मिळतो आणि दिवसा ते एकमेकांवर सावली धरतात.

ईस्टगेटबद्दल एक आकडा सगळीकडे फिरतो, की ही इमारत नेहमीच्या इमारतीच्या दहा टक्केच ऊर्जा वापरते. स्वतः पिअर्स यांनी दिलेला हिशेब अधिक संयमी आहे. हरारेतल्या संपूर्ण वातानुकूलित अशा सहा इमारतींच्या सरासरीपेक्षा ईस्टगेटला एकूण ऊर्जा ३५ टक्के कमी लागते. वातानुकूलन यंत्रणा न घेतल्यामुळे बांधकामाच्या एकूण खर्चात दहा टक्के वाचले, ते वेगळेच. शहरातली वीज जाते किंवा देखभालीअभावी इतर इमारतींची यंत्रे बंद पडतात, तेव्हाही ईस्टगेटमध्ये नैसर्गिक प्रवाहावर हवा खेळत राहते. ३५ टक्के हा आकडा कमी चमकदार असला, तरी तो पंख्यांची वीज धरून आलेला आहे. ईस्टगेटचा रोजचा कारभार पंख्यांवरच चालतो, हे विसरून चालणार नाही.

या यशाच्या मागे मात्र एक गंमत दडलेली आहे. ज्या वारुळावरून ही इमारत सुचली, ते वारूळ तसे चालतच नाही!

वारूळ वातानुकूलित असते, ही कल्पना स्विस शास्त्रज्ञ मार्टिन लुशर यांनी रूढ केली. १९६१ मध्ये त्यांनी मांडले की वाळवी आणि तिची बुरशी यांच्या उष्णतेने हवा तापते, वर चढते, वारुळाच्या बाहेरच्या भिंतीलगत गार होऊन खाली उतरते, आणि हा फेरा चालू राहिल्याने घरटे एकाच तापमानावर राहते. मांडणी सुटसुटीत होती, त्यामुळे ती पाठ्यपुस्तकांत गेली आणि तिथून वास्तुरचनाकारांच्या टेबलावर आली.

पुढे अमेरिकी जीवशास्त्रज्ञ स्कॉट टर्नर आणि ब्रिटिश अभियंते रुपर्ट सोअर यांनी नामिबियातल्या वारुळांचा वर्षानुवर्षे पिच्छा पुरवला. त्यांनी वारुळात प्लास्टर ओतले, ते घट्ट झाल्यावर यंत्राने पातळ थर कापत कापत आतल्या बोगद्यांचा नकाशा काढला. वायू सोडून तो कुठून कुठे जातो ते मोजले. घरट्याचे तापमान वर्षभर नोंदवले, तेव्हा ते स्थिर नसल्याचे दिसले. हिवाळ्यात ते १४ अंशांपर्यंत उतरत होते आणि उन्हाळ्यात ३१ च्या पुढे जात होते. घरटे जमिनीखाली असते आणि ते आजूबाजूच्या मातीच्या तापमानाबरोबर चालते. मग एवढा मनोरा कशासाठी? टर्नर यांचे उत्तर होते: श्वासासाठी. लाखो किडे आणि त्यांची बुरशी सतत प्राणवायू घेतात आणि कार्बन डायऑक्साइड सोडतात. तो बाहेर टाकला नाही तर वसाहत गुदमरेल. जमिनीवरचा मनोरा म्हणजे या वसाहतीचे फुप्फुस.

हे फुप्फुस कसे चालते याचा एक महत्त्वाचा धागा भारतात सापडला. बंगळुरूच्या ‘नॅशनल सेंटर फॉर बायॉलॉजिकल सायन्सेस’ या संस्थेच्या आवारात ओडोंटोटर्मिस ओबेसस या वाळवीची वारुळे आहेत. महाराष्ट्रात शेताच्या बांधावर, माळावर उभी दिसणारी, नागपंचमीला ज्यांची पूजा होते ती उंच निमुळती वारुळे बहुतेकदा हीच वाळवी बांधते. जिवंत वारुळाला बाहेरून मोठे तोंड नसते. मोठी भोके दिसतात ती बहुधा फुटलेल्या किंवा सोडून दिलेल्या वारुळाला, आणि नाग राहतो तो अशाच रिकाम्या बिऱ्हाडात. बाहेरून बंद दिसणाऱ्या या वारुळात हवा फिरते कशी, हे हंटर किंग, सॅम्युअल ओको आणि एल. महादेवन यांनी थेट आत संवेदक बसवून मोजले. २०१५ मध्ये त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

वारुळाला बाहेरून उभ्या बरगड्या असतात आणि त्या आतून पोकळ असतात. मध्यभागी खोल, रुंद नळी असते. सकाळी ऊन चढले की बाहेरच्या पातळ बरगड्या लवकर तापतात, मधली नळी मात्र गारच राहते. बरगड्यांतली हवा वर चढते आणि मधल्या नळीतून खाली उतरते. रात्री उलटे होते. बरगड्या पटकन गार होतात, मधला भाग उबदार राहतो, म्हणून हवा मधून वर आणि कडेने खाली वाहते. दिवसात दोनदा दिशा बदलणारा हा फेरा खोल घरट्यातली कोंदट हवा वर आणतो, आणि मातीच्या भिंतीतल्या सूक्ष्म छिद्रांतून कार्बन डायऑक्साइड बाहेर झिरपतो. दिवसा घरट्यात वायू साठतो आणि रात्रीच्या फेऱ्यात तो मोकळा होतो. वाळवीला यासाठी एकही पंखा लागत नाही. दिवस आणि रात्र यांतला तापमानाचा फरक हेच तिचे इंधन.

म्हणजे पिअर्स यांचा आधार चुकीच्या सिद्धान्ताचा होता, तरी इमारत चालली. कारण काँक्रीट रात्री गार करून दिवसा वापरणे हे भौतिकशास्त्र खरे आहे, वाळवी ते करो वा न करो. आणि वारुळाचे खरे गुपित उलगडल्यावर जे हाती लागले ते ईस्टगेटच्याच मुळाशी होते: दिवस-रात्रीच्या फरकाचा उपयोग. निसर्गाची नक्कल करणाऱ्याने आकार उचलला तर नुसते शिल्प तयार होते. तत्त्व उचलले तरच खोलीतली हवा हलते.

वारुळाने आणखी एक गोष्ट लक्षात आणून दिली आहे. गारवा आणि ताजी हवा ही दोन वेगळी कामे आहेत. आपल्या घरांत त्यांची गल्लत झाली आहे. भिंतीवर बसवलेला स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणत नाही. तो खोलीतलीच हवा ओढून, गार करून पुन्हा खोलीत सोडतो. दारे-खिडक्या लावून चार माणसे रात्रभर त्या खोलीत झोपली की कार्बन डायऑक्साइड वाढत जातो. बाहेरच्या हवेत त्याचे प्रमाण दहा लाख भागांत सुमारे ४२० भाग असते. बंद शयनगृहात ते हजाराच्या, प्रसंगी दोन हजारांच्या वर सहज जाते. सकाळी उठल्यावर जाणवणारी मरगळ आणि जड डोके यामागे कोंडलेली हवा हे एक कारण असू शकते. कोविडच्या साथीने तर ताज्या हवेचे मोल आणखी स्पष्ट केले. एकाच्या श्वासातले विषाणू दुसऱ्यापर्यंत पोचण्याची शक्यता हवा बदलत राहिली की कमी होते.

आणि एसी वाढणारच आहेत. केंद्र सरकारने २०१९ मध्ये जाहीर केलेल्या ‘इंडिया कूलिंग अ‍ॅक्शन प्लॅन’नुसार २०१७-१८ च्या तुलनेत २०३७-३८ पर्यंत देशाची एकूण शीतकरणाची गरज सुमारे आठपट होईल. त्या वेळी आठ टक्के घरांत एसी होता. वीस वर्षांत तो चाळीस टक्के घरांत असेल, असा अंदाज आहे. विदर्भातल्या मे महिन्यात एसी घेणाऱ्याला नावे ठेवण्यात अर्थ नाही. प्रश्न इतकाच आहे की तो किती तास लावावा लागेल, आणि ते बऱ्याच अंशी भिंती आणि खिडक्या ठरवतात.

ईस्टगेटची युक्ती महाराष्ट्रात चालेल का? याचे उत्तर गावागणिक बदलते. पुण्यात एप्रिलमध्ये सरासरी कमाल तापमान ३८ अंशांच्या आसपास आणि किमान २०-२१ च्या आसपास असते. सतरा अंशांचा हा फरक हरारेपेक्षाही मोठा. नाशिक, सोलापूर, छत्रपती संभाजीनगर ही पठारावरची शहरेही याच जातीची. मुंबईत मे महिन्यात दिवसा ३३-३४ आणि रात्री २७ अंश असतात, वर हवेत दमटपणा. तिथे रात्री काँक्रीट गार करायला गार हवाच नाही. मुंबईला ईस्टगेटचा नकाशा दिला तर ती फसेल. तिथे उपयोगी पडतो तो वारा.

वाऱ्याचा वापर प्राण्यांनीही केला आहे. उत्तर अमेरिकेतल्या गवताळ प्रदेशात प्रेअरी डॉग नावाची खारीच्या कुळातली जनावरे लांबलचक बिळे खणतात. बिळाला दोन तोंडे असतात. एका तोंडाभोवती ती उंच, धारदार काठाचा ढिगारा करतात आणि दुसऱ्याभोवती बुटका, गोल. जमिनीपासून जितके वर जावे तितका वारा जोरात वाहतो आणि तिथे हवेचा दाब कमी होतो. त्यामुळे उंच तोंडातून हवा ओढली जाते आणि बुटक्या तोंडातून आत येते. स्टीव्हन व्होगेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये हे दाखवून दिले. मंद झुळूकही हे बीळ हवेशीर ठेवायला पुरते. एक वाट येण्याची आणि दुसरी जाण्याची, आणि दोन्हींच्या उंचीत फरक, एवढाच हा नियम आहे.

मुंबईत चार्ल्स कोरिया यांनी वाऱ्याचे हे काम उंच इमारतीत करून दाखवले. कंबाला हिलवरची कांचनजंगा ही त्यांची २८ मजली इमारत १९८३ मध्ये पूर्ण झाली. समुद्राचा वारा आणि देखावा दोन्ही पूर्व-पश्चिम दिशेला, पण दुपारचे ऊन आणि पावसाचा मारही तिथूनच. कोरियांनी जुन्या बंगल्याचा व्हरांडा उचलला आणि घरांच्या कोपऱ्यांवर दोन मजले उंचीच्या खोल गच्च्या दिल्या. ऊन आणि पाऊस गच्चीपर्यंत अडतो, वारा मात्र घरातून आरपार जातो. ही घरे श्रीमंतांची होती हे खरे. तरीही खोलीला समोरासमोर दोन उघड्या बाजू देणे हा श्रीमंतीचा नाही, आराखड्याचा प्रश्न आहे. आज बहुतेक फ्लॅटमधल्या खोल्यांना एकच खिडकी असते, आणि एका खिडकीतून आलेल्या हवेला बाहेर जायला वाट नसते.

कोरड्या उष्ण प्रदेशाची गोष्ट आणखी निराळी. अहमदाबादजवळचे टोरंट रिसर्च सेंटर हे निमिष पटेल आणि पारुल झवेरी यांनी आखलेले संकुल १९९० च्या दशकाच्या अखेरीस उभे राहिले. इथे उंच मनोऱ्यांच्या तोंडाशी पाण्याचे अतिसूक्ष्म तुषार उडवले जातात. पाण्याची वाफ होताना हवेतली उष्णता जाते, हवा गार आणि जड होऊन मनोऱ्यातून खाली उतरते, मजल्यांवर पसरते आणि कडेच्या मनोऱ्यांतून बाहेर पडते. पावसाळ्यात हवाच दमट असते, तेव्हा तुषार बंद आणि छताचे पंखे सुरू. ऋतूप्रमाणे काम बदलणारी ही इमारत भारतीय हवामानाशी प्रामाणिक आहे. मेलबर्नमध्ये मिक पिअर्स यांनीच महापालिकेसाठी आखलेली ‘काउन्सिल हाउस टू’ ही दहा मजली इमारत २००६ मध्ये उघडली, तीत त्यांनी रात्री आपोआप उघडणाऱ्या खिडक्या, पाण्याच्या तुषारांचे मनोरे आणि सूर्याबरोबर फिरणाऱ्या लाकडी झडपा एकत्र आणल्या. हरारेचा नकाशा त्यांनीही जसाच्या तसा नेला नाही.

मराठवाडा आणि सोलापूरकडची माळवदाची घरे, खानदेशातली धाब्याची घरे यांच्या जाड मातीच्या छपरांना आणि भिंतींना दिवसाची उष्णता झेलून रात्री सोडण्याचे गणित ठाऊक होते. माळवदात ठेवलेल्या साण्यातून उजेड येई आणि धूर व ऊन हवा वर निघून जाई. वाड्याच्या चौकात रात्री गार हवा साठे आणि सकाळी ती माजघरात शिरे. म्हणून मातीचीच घरे बांधावीत असे कोणी म्हणणार नाही. त्यांची वार्षिक डागडुजी आणि माळवदाचे वजन ज्यांनी सोसले आहे, त्यांना त्याची किंमत माहीत आहे. पण स्लॅबवर पांढरा लेप किंवा उष्णतारोधक थर, पश्चिमेच्या भिंतीवर सावली आणि छताजवळ एक झरोका हे आजच्या सिमेंटच्या घरातही जमते. शाळांच्या जुन्या वर्गांत दारावर असलेला व्हेंटिलेटर हा याच कुळातला. नव्या बांधकामात तो काच लावून बंद केलेला दिसतो.

संशोधन पुढे चालूच आहे. स्वीडनच्या लुंड विद्यापीठातले डेव्हिड अँड्रीन यांनी आणि नामिबियातली वारुळे अभ्यासणाऱ्या रुपर्ट सोअर यांनी मिळून २०२३ मध्ये वारुळाच्या भिंतीलगतच्या बारीक बोगद्यांच्या जाळ्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. हे बोगदे तीन ते पाच मिलिमीटर रुंद असतात. थ्रीडी छपाईने तसे जाळे तयार करून त्यांनी पाहिले, तर हवा एका दिशेने जोरात न ढकलता नुसती हलवत ठेवली तरी वायूंची देवाणघेवाण चांगली होत होती. उद्याच्या इमारतीत खिडकी न उघडता ओलावा आणि कोंदट हवा बाहेर सोडणारी भिंत यातून येऊ शकेल. सध्या ही प्रयोगशाळेतली गोष्ट आहे.

अडचणी नाहीत असे नाही. खिडकी उघडली की डास, धूळ, रस्त्याचा गोंगाट आत येतो. हिवाळ्यात शहरांतली हवा दूषित असते, तळमजल्यावर चोराची भीती असते. ईस्टगेटच्याही खिडक्या गोंगाट आणि वाऱ्याचा बदलता दाब यांमुळे बंदच ठेवाव्या लागल्या. म्हणून जाळी, गज, वरच्या बाजूचे झरोके, कमी विजेचे एक्झॉस्ट पंखे यांचा विचार आराखड्यातच व्हायला हवा. नैसर्गिक हवेवर राहायला माणसाचे शरीरही साथ देते. अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठातल्या संशोधकांनी भारतातल्या ऑफिसांची पाहणी केली, तेव्हा नैसर्गिक हवेशीर ऑफिसांतल्या लोकांना सुखद वाटणारे तापमान बाहेरच्या हवामानानुसार १९.६ पासून २८.५ अंशांपर्यंत बदलते असे दिसले. बाहेरच्या हवामानानुसार सुखद तापमान ठरवण्याची ही पद्धत २०१६ च्या राष्ट्रीय इमारत संहितेत आली आहे. २८ अंशांत, पंख्याखाली बसून काम होते, हे आता नियमांनाही मान्य आहे.

घर बांधणाऱ्याने किंवा फ्लॅट घेणाऱ्याने एसीचे पॉइंट कुठे आहेत हे विचारण्याआधी तीन प्रश्न विचारावेत. प्रत्येक खोलीत हवा कुठून येणार आणि कुठून जाणार? दुपारचे ऊन कोणत्या भिंतीवर पडणार आणि तिला सावली कशाची? रात्री खिडक्या सुरक्षितपणे उघड्या ठेवता येतील का? पठारावर राहणाऱ्यांनी उन्हाळ्यात रात्री खिडक्या उघडून पंख्याने भिंती गार कराव्यात आणि सकाळी ऊन चढण्याआधी खिडक्या-पडदे लावून घ्यावेत. यासाठी पंख्याच्या विजेपलीकडे काही खर्च नाही. आणि एसी लावून झोपणाऱ्यांनी खिडकी थोडी किलकिली ठेवावी. एसी गारवा देतो, श्वास घ्यायला लागणारी हवा देत नाही.